उजेडात भीती दाखवायची तर

आमच्या शॉर्टफिल्मची गोष्ट दोन ओळींची. एक मुलगी रात्री एकटीच अभ्यास करत बसली आहे आणि घरात आणखी कुणीतरी वावरतंय असं तिला वाटत राहतं. ते 'कुणीतरी' शेवटपर्यंत दिसत नाही. म्हणजे जे काही करायचं ते वातावरणानेच. (मुखवटे-मेकअपला पैसे नव्हते, हेही खरंच.)

कॅमेरा करणाऱ्या मित्राला सगळं निळं-काळं हवं होतं. मी टेबललॅम्पवर अडून बसलो. साध्या कॅमेऱ्यात आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची संवेदनशीलता, फार चढवलं की अंधार काळा राहतच नाही, त्यात दाणे वळवळायला लागतात. त्यापेक्षा दिवा मुलीच्या चेहऱ्याजवळ आणला आणि टेबल मागच्या दारापासून लांब ओढलं. उजेड अंतराच्या वर्गाने कमी होतो. दुप्पट लांब गेलं की चौथाईच उरतो. एक्सपोजर, म्हणजे कॅमेऱ्याने किती उजेड घ्यायचा ते, चेहऱ्यावर धरल्यावर दार आपोआप काळोखात गेलं. चेहरा मात्र स्वच्छ, आणि तो स्वच्छ दिसणं मला फार महत्त्वाचं वाटत होतं. काहीच दिसलं नाही तर प्रेक्षक कंटाळतो, घाबरत नाही.

ते दार जवळजवळ प्रत्येक फ्रेममध्ये ठेवलं. मुलगी एका कडेला, तिची पाठ दाराकडे, मधली जागा रिकामी. कॅमेरा ट्रायपॉडवरून हलवायचाच नाही. असा शॉट लांबला की बघणाऱ्याची नजर रिकाम्या जागेत काहीतरी शोधू लागते. मग एका शॉटमध्ये दार वीतभर जास्त उघडं ठेवलं. त्यावर क्लोजअप नाही, संगीत नाही, मुलीचंही लक्ष नाही. अभिनयाबाबत माझी सूचना एवढीच होती, की घाबरायचं नाही; पेन्सिलला टोक करायचं आणि मधेच हात थांबवून ऐकायचं.

खरा वेळ खाल्ला तो आवाजाने. शूटिंगच्या जागी रूम टोन रेकॉर्ड केला, म्हणजे सगळ्यांनी मिनिटभर पुतळ्यासारखं उभं राहायचं आणि खोलीचा नुसता आवाज घ्यायचा. नेमकं तेव्हाच कुणाला तरी हसू फुटतं. पण हा ट्रॅक नसेल तर शांतता दाखवता येत नाही. एडिटिंग करताना टाइमलाइनवर आवाज पूर्ण शून्य केला की स्पीकर बंद पडल्यासारखं वाटतं आणि प्रेक्षक गोष्टीतून बाहेर येतो.

रूम टोनवर फ्रिजची घरघर पहिल्या फ्रेमपासून चढवली. सतत चालू असलेला आवाज थोड्या वेळाने लक्षातच येत नाही. दार जास्त उघडं दिसतं त्या शॉटच्या जरा आधी ती घरघर तोडली, खाली फक्त रूम टोन. मुलीच्याच श्वासाचं रेकॉर्डिंग निम्म्या वेगाने चालवलं. त्याने आवाज एक सप्तक खाली उतरतो आणि माणसाचा आहे की नाही हेच कळेनासं होतं. तो घरघरीखाली अगदी बारीक दडवला होता. घरघर थांबली तरी तो पुढे सेकंदभर चालू राहतो. संपूर्ण फिल्ममधली माझी सगळ्यात आवडती जागा हीच.

२० हर्ट्झच्या खालचा, म्हणजे फारच खर्जातला, आवाज कानाला ऐकू येत नाही पण माणूस अस्वस्थ होतो, असं कुठंतरी वाचून एकाने तो घालायचा हट्ट धरला. लॅपटॉपचे स्पीकर १०० हर्ट्झच्या आसपासच मान टाकतात, तिथे २० चं काय घेऊन बसलात!

एडिटिंग करणारीशी वाद झाला तो शेवटावरून. तिला धाडकन एक दचका हवा होता. तिने तो लावूनही दाखवला आणि खरंच सगळे दचकले. पण दचकल्यावर लगेच हसले, मोकळे झाले. म्हणून तो काढला. त्याऐवजी मुलगी उठून फ्रेमबाहेर गेल्यावरही शॉट तोडला नाही. रिकामी खुर्ची, लॅम्प, दार तसंच चालू ठेवलं. किती वेळ, यावर आमचं अजूनही एकमत नाही. तिच्या मते निम्मं पुरलं असतं.