तोफ परवडली नाही, पोवाडा परवडला

माझ्या सिनेमासाठी १८४४ चं गडकऱ्यांचं, म्हणजे गड राखणाऱ्या शिपायांचं बंड हा विषय मी निवडला, त्याचं निम्मं कारण इतिहास आणि निम्मं कारण खिसा. इंग्रजांच्या दबावाखाली कोल्हापूर संस्थानात नवा कारभार आला, गडकऱ्यांच्या जमिनी मामलेदारांच्या हाताखाली गेल्या आणि सामानगड-भुदरगडच्या शिबंदीनं गडाचे दरवाजे लावून घेतले. गोष्टीत दरबार नाही, सिंहासन नाही. पटके, घोंगडी आणि चुलीवरची भाकरी. बाकी ज्या कोल्हापुरात मूकपटांच्या काळातल्या बाबूराव पेंटरांनी कॅमेराच स्वतः बनवला, तिथं ‘पैसे नाहीत’ ही सबब कुणी ऐकूनही घेत नाही.

लिहितानाच एक ठरवलं: ज्या प्रसंगाला पैसे लागतील, तो शाहिराच्या तोंडी द्यायचा. वेढा, तोफा, चालून येणारी पलटण, सगळं पोवाड्यात. पडद्यावर फक्त ऐकणाऱ्यांचे चेहरे.

त्यामुळे पहिला मोठा खर्च गाण्यांवर. ऐन पावसाळ्यात रेकॉर्डिंग लागलं. हलगीचं कातडं दमट हवेत सैल पडतं, मग ती नुसती ‘भद्भद्’ वाजते. वादक मामा म्हणाले, “शेकल्याबिगर ती बोलायची न्हाई.” स्टुडिओच्या दारात पत्र्याखाली जुन्या वर्तमानपत्रांचा जाळ केला. मामा हलगी जाळावर फिरवत, बोटानं टिचकी मारून कान लावत, पुन्हा फिरवत. सूर चढला की पळत आत, एक कडवं, की पुन्हा बाहेर. वॉचमन वैतागला होता. घुमकं आणि कैताळ ही साथीची वाद्यं वेगळ्या ट्रॅकवर घेतली, कारण हलगीशेजारी माइक ठेवला की दुसरं काही ऐकूच येत नाही.

गाण्यांचं शूटिंग प्लेबॅकवर, म्हणजे रेकॉर्ड केलेलं गाणं स्पीकरवर लावून. कॅमेरा आणि एडिटिंग दोन्हीकडे सेकंदाला २४ फ्रेम्स, हे आधीच कागदावर लिहून घेतलं. एकीकडे २५ झाले की ओठ आणि शब्द हळूहळू फारकत घेतात. गडावर वारा इतका, की स्पीकर कितीही मोठा केला तरी मागच्या रांगेला ताल कळेना. मग एक पोरगा कानात इअरफोन घालून उंचावरून हातानं ठेका दाखवायचा.

मारामारीला फाइटमास्तर घेतला नाही. तालमीतली मर्दानी खेळाची पोरं आली. लाठी, दांडपट्टा त्यांच्या हातात बसलेला. त्यांना हळू मारायला शिकवणं हेच काम. घोडे मी काढूनच टाकले. प्राणी वापरायचा तर शूटिंगआधी पशुकल्याण मंडळाची परवानगी हवी, नाहीतर सेन्सॉरला गाडी अडते. टापा हलगीवरच काढल्या, आणि माझ्या मते त्या खऱ्या घोड्यांपेक्षा जास्त अंगावर येतात. पन्हाळा केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे, म्हणजे अर्ज, शुल्क, अटी. त्यामुळे तिथलं मोजकंच ठेवलं. आतले प्रसंग मोरेवाडीच्या चित्रनगरीत उरकले.

सेन्सॉरचा अर्ज हल्ली ऑनलाइन असतो. २०२४ च्या नियमांनी यूए प्रमाणपत्राचे वयानुसार ७+, १३+, १६+ असे भाग केलेत. ऐतिहासिक विषय म्हटल्यावर कागदपत्रांची फाइल तयार ठेवावी. आमच्याकडे गॅझेटियरची पानं होती.

खरी दमछाक प्रदर्शनाची. सिनेमा करताना उधारी चालते, लावताना नाही. पोस्टर, थिएटरला सिनेमा पुरवणाऱ्या डिजिटल कंपनीचं शुल्क, थिएटरचं भाडं, सगळं आधी रोख. मल्टिप्लेक्सनं सकाळचा खेळ दिला. ऐतिहासिक पोवाडा ऐकायला सकाळी नऊला कोण येतंय? एका थिएटरात तर डिजिटल कीची, म्हणजे सिनेमाची फाइल उघडणाऱ्या किल्लीची, वेळच जुळेना. की विशिष्ट सर्व्हरला आणि विशिष्ट मुदतीतच चालते. ऑपरेटर फोनवर, प्रेक्षक चहाच्या टपरीवर.

वितरकाचा आग्रह दिवाळीनंतरचा होता, पण तेव्हा ऊसतोड सुरू होते आणि आमचा प्रेक्षक फडात. आम्ही गळीत हंगाम संपल्यावर लावला. शहरातून आठवड्यात उतरला. गडहिंग्लजला मात्र टिकला, सामानगड त्याच तालुक्यातला. गावंच्या गावं टेम्पो करून आली.

भांडवल अजून पूर्ण सुटलेलं नाही. गाण्यांचे हक्क कुणाला विकले नाहीत तेवढं बरं केलं. शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी तालमींकडून त्या पोवाड्याची मागणी येते, आणि हलगीवाले मामा आता आमच्याआधी कार्यक्रमाची सुपारी घेतात.