जुनं वॉटर कूलिंग घेताना आणि घासताना

जाहिरातीत लिहिलं होतं, 'कस्टम लूप, फुल सेट, एकदम न्यू कंडिशन'. कॉम्प्युटर पाण्याने थंड ठेवायचा हा सेट. लूप म्हणजे पंप, ब्लॉक आणि रेडिएटरमधून नळ्यांनी गोल फिरणारं पाणी. फोटोत ३६०चा, म्हणजे तीन पंख्यांचा रेडिएटर, डी५ नावाचा पंप, त्यावर बसवलेली अ‍ॅक्रिलिकची टाकी, प्रोसेसरवर बसून त्याची उष्णता पाण्यात सोडणारा, निकेलचा मुलामा दिलेला ब्लॉक आणि डबाभर फिटिंग्ज. विकणारा वाकडचा, कॅनडाला निघालेला. पुण्यात चांगल्या जुन्या वस्तू व्हिसा लागलेल्या माणसाकडेच मिळतात, असं माझं मत आहे. त्याला सामान हलकं करायचं असतं आणि वेळ नसतो.

किती वर्षं वापरलं हे मी विचारलंच नाही. विचारलं, "लूपमध्ये लिक्विड कुठलं होतं?"

"पांढरं, पेस्टल. फार भारी दिसायचं, दादा."

भाव इथेच उतरतो. पेस्टल लिक्विडचा दुधाळपणा त्यात तरंगणाऱ्या बारीक कणांमुळे असतो. लूप चालू असतो तोवर ते तरंगतात, मशीन बंद पडून राहिलं की खाली बसतात. ब्लॉकच्या आत तांब्यात कापलेल्या फिन्समधली, म्हणजे पातळ पट्ट्यांमधली फट अर्ध्या मिलिमीटरच्याही आत असते, त्यामुळे साका आधी तिथे धरतो. त्यात स्वच्छ दिसणारी साधी पीव्हीसी नळी असेल तर तिच्यातलं प्लॅस्टिसायझर, म्हणजे नळी मऊ ठेवणारं रसायनही झिरपून तिथेच चिकटतं. धातू सहसा इतका लवकर म्हातारा होत नाही. पाण्याने काय केलंय ते बघायचं.

त्याच्या घरी गेलो तो टॉर्च आणि अ‍ॅलन की घेऊनच. रेडिएटरच्या तोंडातून आत बघितलं, कडेला पितळेचा पिवळा रंग दिसला. हे बघणं गरजेचं, कारण तांब्याच्या लूपमध्ये एक जरी अ‍ॅल्युमिनियमचा भाग आला तरी दोन धातूंची बॅटरीच तयार होते आणि अ‍ॅल्युमिनियम कुरतडलं जातं. ईके कंपनीने २०१७मध्ये 'फ्लुइड गेमिंग' नावाने अ‍ॅल्युमिनियमचे स्वस्त सेट काढले होते. ते आपापसात चालतात, तांब्याबरोबर नाही. जुन्या बाजारात मात्र दोन्ही एकाच पिशवीतून निघू शकतात. मग रेडिएटरच्या स्क्रूच्या भोकांखाली फिन दबलेत का ते पाहिलं, कारण पंख्याला लांब स्क्रू लावला की तो थेट पाण्याच्या नळीत घुसतो. टाकीच्या आट्यांभोवती केसासारख्या चिरा शोधल्या. फिटिंग पान्याने आवळणारे महाभाग कमी नाहीत. पंप तिथेच बादलीतल्या पाण्यात चालवून ऐकला. डी५ला पाणी हेच वंगण, कोरडा चालवून दाखवायला निघाला तर हात धरायचा.

ब्लॉक मदरबोर्डवर बसवायचं ब्रॅकेट एएमडी प्रोसेसरच्या जुन्या एएम४ सॉकेटचं होतं, माझं मशीन त्यानंतरच्या एएम५चं. दोन्हींची भोकं सारखीच असल्याने तो प्रश्न मिटला. ग्राफिक्स कार्डचा ब्लॉकही तो देत होता, पण तो एकाच मॉडेलच्या एकाच बोर्डाला बसतो. फुकट मिळाला तरी माझ्या काय कामाचा? नळ्या नकोत म्हणून सांगितलं आणि सांगितलेल्या किमतीच्या निम्म्याला सौदा झाला.

घरी आल्यावर आईने पिशवीत डोकावून विचारलं, "अरे, मासे पाळणारेस का?" ग्लायकोलची कल्पना दिल्यावर मात्र स्वयंपाकघरातलं एकही भांडं तिने हाताला लागू दिलं नाही, आणि बरोबरच होतं. बऱ्याच कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकोल असतं, ते विषारी. वेगळी बादली, वेगळी गाळणी घेतली.

ब्लॉक उघडण्याआधी फोटो काढून ठेवले, कारण आतली, पाण्याची धार फिन्सवर सोडणारी पातळ जेट प्लेट उलटी बसली तर प्रवाहाची दिशाच बिघडते. आत अपेक्षेप्रमाणे पांढरी लापशी होती. आईचा सल्ला चिंच नाहीतर पितांबरीचा. तांब्याच्या तांब्यासाठी तो योग्यच आहे. इथे मात्र पावडरने ओरखडे पडतील आणि आंबट पदार्थ निकेलचा मुलामा खाईल. म्हणून कोमट पाणी, भांडी घासायचं लिक्विड आणि मऊ टूथब्रश, एवढंच. ब्रश फिन्सच्या दिशेनेच फिरवायचा, आडवा फिरवला की फिन वाकतात. मुलामा नसलेला, कळंक चढलेला तांब्याचा ब्लॉक असता तर पातळ व्हिनेगर चाललं असतं.

अ‍ॅक्रिलिकची टाकी पुसायला हात स्पिरिटच्या बाटलीकडे जातो. तो आवरायचा. आयसोप्रोपिल अल्कोहोल लागलं की ताणाखालच्या अ‍ॅक्रिलिकला चिरा जातात. उकळतं पाणीही नको. पंपाचा रोटर हाताने ओढला की निघतो. तो एका छोट्या सिरॅमिक गोळीवर फिरतो. त्याच्यामागे साठलेला राडा कानकोरणीच्या कापसाने काढला.

रेडिएटरने सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. आधी गरम डिस्टिल्ड पाणी भरून, तोंडं बंद करून हलवायचं आणि पांढऱ्या कापडातून गाळायचं. कापडावर पांढऱ्या गाळाबरोबर काळे-तपकिरी कणही आले, ती डागकामाची राहिलेली घाण. मग एकास चार व्हिनेगर-पाणी काही तास ठेवलं. रात्रभर ठेवायचं धाडस मी करत नाही, आत डागाचे सांधे असतात. त्यानंतर खळबळणं, ओतणं, पुन्हा भरणं.

हे थांबवायचं कधी? घरातल्या आरओसाठी आणलेलं टीडीएसचं पेन इथे उपयोगी पडलं. बॅटरीसाठी मिळणाऱ्या डिस्टिल्ड पाण्याच्या कॅनचं रीडिंग जवळपास शून्य येतं. रेडिएटरमधून निघालेलं पाणी तेवढंच दाखवायला लागलं, म्हणजे आम्ल आणि क्षार गेले. ग्लायकोल किंवा रंगाचे कण या पेनाला दिसत नाहीत, त्यासाठी कापड आणि डोळेच. शेवटच्या धुण्याला नळाचं किंवा बोअरचं पाणी वापरू नये. क्षार काढायचे आणि पुन्हा क्षारच भरायचे, याला अर्थ नाही.

फिटिंग्जच्या ओ-रिंगा चपट्या झाल्या होत्या. नमुना घेऊन भोसरीला हायड्रॉलिक सामानाच्या दुकानात गेलो आणि ईपीडीएम रबराच्या ओ-रिंगा किरकोळ पैशांत घेतल्या. त्यांना सिलिकॉन ग्रीस लावायचं. व्हॅसलीन लावलं तर ईपीडीएम फुगतं. ब्लॉकची मोठी, वेड्यावाकड्या आकाराची रिंग बाजारात मिळणं कठीण, ती न ताणता जपून तशीच परत बसवली.

त्याच दुकानात गळती तपासायची सोय झाली. वॉटर कूलिंगवाले फिटिंगच्या ज्या आट्यांना जी १/४ म्हणतात, ते कॉम्प्रेसरवाल्यांचे पाव इंची बीएसपी. फक्त सरळ आट्यांचा निपल मागायचा. निमुळत्या आट्यांचा निपल अ‍ॅक्रिलिकमध्ये पाचरीसारखा शिरतो आणि टाकी तडकते. पितळी निपलला बाबांच्या जुन्या, डायलवाल्या बीपी मशीनची नळी जोडली, बाकीची तोंडं बंद केली आणि फुगा दाबत काटा ३००वर नेला. ३०० मिलिमीटर पारा म्हणजे साधारण ०.४ बार, घरच्या लूपला पुरेसा दाब. काटा हळूहळू उतरत होता. टाकीच्या झाकणाची एक रिंग खोबणीबाहेर आली होती. ती बसवल्यावर काटा जेवण होईपर्यंत जागचा हलला नाही.

पाणी भरताना मदरबोर्डला वीज द्यायची नाही. पॉवर सप्लायचे पंप सोडून बाकी सगळे कनेक्टर काढून ठेवायचे आणि सुट्या २४ पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी वायर काळीला जोडायची, की फक्त पंप चालतो. बुडबुडे निघेपर्यंत कॅबिनेट डावी-उजवीकडे कलवत बसलो. नळ्या काळ्या ईपीडीएमच्या आणि लिक्विड रंगहीन, गंजरोधक आणि शेवाळरोधक घातलेलं. नुसतं डिस्टिल्ड पाणी ठेवलं तर शेवाळ धरू शकतं.

ज्यांना फक्त आकडे हवेत त्यांची थोडी निराशा होईल. पाणी खोलीतल्या हवेपेक्षा थंड होत नाही, आणि पुण्याच्या मे महिन्यात खोलीच तापलेली असते. पण व्हिडिओ रेंडरला लावला की पूर्वी बाजूच्या खोलीतून 'ते बंद कर' असा आवाज यायचा, तो आता येत नाही. पंपाच्या मागे एक ते पाच आकड्यांची चकती आहे, ती दोनवर ठेवलीय. चारच्या पुढे गेलं की कॅबिनेटचा पत्रा गुणगुणतो. खाली रबराचा तुकडा टाकायचा आहे.