आमच्या वर्गाचा हिशोब

मानसिक आजार असलेल्यांच्या आमच्या स्वमदत गटाला मदत करणाऱ्या एका ट्रस्टचं दिवाळीनंतर पत्र आलं. आठ आठवड्यांच्या वर्गासाठी पुढच्या वर्षीही निधी हवा असेल तर परिणामांचा अहवाल पाठवा. सोबत एक तक्ता होता आणि त्यातला पहिलाच रकाना होता, ‘पूर्ण बरे झालेले लाभार्थी – संख्या’.

मी विमा कार्यालयात बरीच वर्षं दाव्यांचे कागद तपासले आहेत, त्यामुळे तक्त्यांचा मला तिटकारा नाही. पैसे देणाऱ्याने हिशोब मागावा आणि आपण तो चोख द्यावा, असंच मला वाटतं. पण हा रकाना चुकीचा आहे. मला बायपोलर (मनःस्थितीचे टोकाचे चढउतार होणारा आजार) आहे, गोळ्या चालू आहेत, आणि तरी मी नोकरी केली, मुलीचं शिक्षण केलं, आता हा वर्ग घेते. मला या रकान्यात धरायचं की नाही?

आमचा वर्ग मी आणि आणखी एक शुभार्थी मिळून चालवतो. (आजार असलेला तो शुभार्थी आणि त्याला सांभाळणारा शुभंकर, हे पुण्याकडच्या गटांतले शब्द आम्हीही वापरतो.) वर्गात डॉक्टर नसतात. रोज काय केलं की आपण ठीक राहतो, कशाने बिनसतं, बिनसायला लागल्याच्या पहिल्या खुणा कोणत्या, आणि अगदीच हाताबाहेर गेलं तर कुणी काय करायचं, हे प्रत्येकजण आपापल्या वहीत लिहितो. हा साचा आमच्या डोक्यातून आलेला नाही. अमेरिकेतल्या व्हरमॉन्टमध्ये १९९७ साली मेरी एलन कोपलँड आणि त्यांच्यासारख्याच आजारातून गेलेल्या लोकांनी तो घडवला. ‘वेलनेस रिकव्हरी अ‍ॅक्शन प्लॅन’, थोडक्यात ‘रॅप’ म्हणतात त्याला.

आपल्याकडे दारूतून बाहेर पडलेल्या माणसाने दुसऱ्याला बाहेर काढावं, यात कुणाला नवल वाटत नाही. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून उभं आहे आणि तिथे व्यसनातून सुटलेली माणसंच समुपदेशक म्हणून काम करताना दिसतात. पण स्किझोफ्रेनिया असलेला माणूस फळ्यापुढे उभा राहिला की लगेच विचारतात, “याने काही फायदा होतो का?” प्रश्न रास्त आहे. मात्र तो कसा तपासायचा यावर फार थोडे लोक डोकं लावतात.

सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे वर्गाआधी एक प्रश्नावली, वर्गानंतर तीच प्रश्नावली, आणि दोन्हींतला फरक. यात दोन खड्डे आहेत. एक म्हणजे माणूस आमच्याकडे येतो तो बहुतेक वेळा त्याच्या वाईट काळात. दोन महिन्यांनी तो तसाही थोडा सावरलेला असतो. त्याचं श्रेय वर्गाने लाटणं बरोबर नाही. म्हणूनच अमेरिकेतल्याच ओहायो राज्यात रॅपची तपासणी केली तेव्हा ५१९ जणांच्या चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एकाला आठ आठवड्यांचा वर्ग लगेच, दुसऱ्याला नेहमीचे उपचार चालू ठेवून वर्ग नंतर. प्रश्न दोघांनाही तेच, आणि वर्ग संपल्यावर सहा महिन्यांनी पुन्हा. संशोधक ज्युडिथ कुक आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये छापलेल्या निकालात वर्गाला बसलेल्यांची लक्षणं जास्त उतरली होती आणि उमेद जास्त वाढली होती. शिकवणारे सगळे स्वतः आजारातून गेलेले. टेनेसीमध्ये ‘ब्रिजेस’ नावाच्या अशाच वर्गाचीही चिठ्ठ्या टाकूनच तपासणी झाली, तिथेही उमेद वाढलेली दिसली.

आमच्यासारख्या छोट्या गटाला एवढं जमणार नाही. पण वर्गासाठी आमच्याकडे नेहमीच रांग असते. मग रांगेतल्यांकडूनही त्याच दिवशी प्रश्नावली भरून घ्यायला काय हरकत आहे? यंदा तेच सुरू केलंय. रांगेत कोण पुढे, हे आम्ही चिठ्ठ्या टाकून ठरवतो, ओळखीने नाही.

दुसरा खड्डा जास्त फसवा. आमच्या प्रश्नावलीत एक वाक्य आहे, ‘त्रास वाढायला लागला की मला आधी कळतं.’ पाचपैकी गुण द्यायचे. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करणारा एक मुलगा, त्याने पहिल्या दिवशी पाच दिले आणि शेवटच्या दिवशी तीन. तक्त्यात हा तोटा दिसतो. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं. म्हणाला, “ताई, तेव्हा मला वाटायचं कळतं. झोप दोन-दोन तासांवर आली तरी मी म्हणायचो, सीझन आहे, काम आहे. ती खूण होती हे आता कळतंय. मग पाच कसे देऊ?” त्याने वही उघडून दाखवली. ‘पहिल्या खुणा’ या पानावर लिहिलं होतं: रात्री दोनला गिऱ्हाइकांना मेसेज करणं, नवीन हत्यारं उधारीवर घेणं, आईशी चढ्या आवाजात बोलणं. इतकं नेमकं पान मला माझ्या डॉक्टरांनीही कधी लिहायला लावलं नव्हतं.

यावर उपाय आहे. शेवटच्या दिवशी दोन उत्तरं घ्यायची: आज किती कळतं, आणि मागे वळून पाहता वर्गाआधी खरोखर किती कळत होतं. याच्यातही खोट आहे, कारण आम्हाला बरं वाटावं म्हणून लोक जुने गुण कमी करतात. त्यामुळे पहिल्या दिवसाचा कागद फाडायचा नाही. तिन्ही आकडे शेजारी ठेवायचे आणि वही वाचायची. तिन्हींपेक्षा माझा जास्त विश्वास वहीवर आहे.

कागद कोण भरून घेतं यानेही उत्तर बदलतं. एक ताई सासूबाईंबरोबर यायच्या. ‘घरात माझं मत विचारतात’ या वाक्यापाशी त्या थांबल्या, शेजारी पाहिलं आणि ‘नेहमी’वर खूण केली. पुढच्या बॅचपासून शुभंकरांना वेगळ्या खोलीत वेगळा कागद द्यायचं ठरलं, आणि आमच्याऐवजी दुसऱ्या गटातली कार्यकर्ती कागद भरून घेऊ लागली. त्याच ताई रांगेतल्या एका मैत्रिणीला घेऊन आल्या होत्या. तेव्हा या ताईंनी स्वतःहून आपला जुना कागद परत मागितला आणि ते ‘नेहमी’ खोडलं. शुभंकरांना विचारायचंच नाही असं मात्र नाही. गुजरातमध्ये सहा सरकारी मानसिक आरोग्य केंद्रांत जागतिक आरोग्य संघटनेचा ‘क्वालिटीराइट्स’ हा उपचारांचा दर्जा आणि रुग्णांचे हक्क यांसाठीचा कार्यक्रम झाला, तुलनेला तीन केंद्रं होती. तिथे उपचार घेणाऱ्यांना स्वतःचा अधिकार वाढल्यासारखा वाटला आणि घरच्यांचा भारही कमी झाला. दोन्ही मोजलं म्हणूनच दोन्ही कळलं.

मग मोजायचं काय? इंग्लंडमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये ९७ लेख चाळून सावरण्याचे पाच धागे काढले: माणसांशी नातं, उमेद, आजारापलीकडची स्वतःची ओळख, जगण्यात अर्थ, आणि आपल्या आयुष्यावर आपला ताबा. मला हे पटतं, पण ‘ताबा’ म्हणजे आमच्या गावात नेमकं काय? ते आम्ही मागच्या बॅचला विचारलं. त्यांनी दिलेले प्रश्न असे: माझं एटीएम कार्ड माझ्याजवळ असतं का? लग्नकार्याला मला नेतात का, की ‘तू घरीच थांब’ म्हणतात? डॉक्टरांसमोर मी बोलतो की माझ्याबद्दल घरचे बोलतात? हे प्रश्न माझ्या किंवा ट्रस्टच्या डोक्यात आलेच नसते. आता ते आमच्या कागदावर सगळ्यात वर आहेत.

दवाखान्यात भरती होणं हे अपयश म्हणून मोजायला माझा सक्त विरोध आहे. मागच्या बॅचमधले एकजण वर्गानंतर भरती झाले. पण त्यांनी स्वतः डॉक्टरांना फोन केला होता. वहीतल्या ‘वाईट दिवसांच्या’ पानावर कोणत्या भावाला बोलवायचं, कोणतं औषध सोसत नाही, दुकान कोण उघडेल हे सगळं होतं, आणि भावाने ते पान दाखवलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात पाचव्या कलमाखाली असा आगाऊ निर्देश लेखी देण्याचा आपल्याला हक्क आहे आणि चौदाव्या कलमाखाली आपला प्रतिनिधी नेमता येतो. वर्गातल्या किती जणांनी तो कागद रीतसर केला, हा आकडा मी आनंदाने कुठल्याही तक्त्यात भरेन.

सोडून गेलेल्यांनाही मोजलं पाहिजे. जे शेवटपर्यंत बसले त्यांचीच सरासरी काढली तर ती छानच येणार. आम्ही फोन केले, घरी गेलो. कुणाला सकाळच्या गोळ्यांची गुंगी दुपारपर्यंत उतरत नव्हती, कुणाकडे एसटीचे पैसे नव्हते. एकीला नोकरी लागली होती! पहिल्या कारणामुळे आम्ही वर्ग संध्याकाळी नेला.

आणखी एक गोष्ट कुठल्याच फॉर्ममध्ये नसते: शिकवणाऱ्यांचं काय होतं? दुसऱ्याचं अंधारातलं बोलणं ऐकून घरी गेल्यावर माझ्या सहकाऱ्याची झोप उडते. मी अहवालात यासाठीही एक पान ठेवलंय, आणि शिकवणाऱ्यांच्या मानधनाची मागणीही त्यातच घातली आहे. ‘तुमच्याच लोकांसाठी करताय ना’ हे कारण मला मान्य नाही.

ट्रस्टला अहवाल गेला. पहिल्या रकान्यात रेघ मारली आणि खाली बॅचने बनवलेले प्रश्न, तीन-तीन आकडे, रांगेतल्यांची उत्तरं, गळतीची कारणं आणि परवानगी घेऊन दोन वह्यांची पानं जोडली. उत्तर आलं की लिहीन. तुमच्याकडे असा वर्ग चालत असेल तर आमची प्रश्नावली मागून घ्या, हवी तशी बदला. फक्त बदलायला बसताना शुभार्थींना बरोबर घ्या.