तुम्ही विचारलंत म्हणून: अजून स्टीलचीच सायकल का?

प्रश्न एकच असतो, विचारायच्या तऱ्हा तेवढ्या बदलतात. "अजून हीच?" "कार्बन फायबरची कधी घेताय?" "चढावर झेपते का हो एवढी जड?" आणि मी तोंड उघडायच्या आत विचारणाराच उत्तर देऊन टाकतो: हौस आहे तुमची, जुन्या वस्तूंची आवड आहे. एकदा हौस म्हटलं की बोलणं तिथेच मिटतं. मला मात्र कारण आहे. ते रस्त्याकडेला, धाप लागलेली असताना दोन वाक्यांत सांगता येत नाही, म्हणून एकदा सगळं लिहून काढते आहे.

आधी वजनाचं. माझी सायकल पंपासकट साडेनऊ किलोच्या आसपास भरते. स्पर्धेची सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी नसावी असा नियम यूसीआय या जागतिक सायकलिंग संघटनेने २००० साली केला, आणि आजच्या उत्तम सायकली त्या आकड्याच्या जवळपास असतात. म्हणजे मी अडीच किलो जादा वाहते. मी, सायकल आणि पाणी मिळून ७५ किलो धरलं तर हा फरक तीन-साडेतीन टक्क्यांचा होतो; तासाभराच्या खड्या चढाला दोनेक मिनिटं. शर्यतीत उतरणाऱ्यासाठी दोन मिनिटं म्हणजे सगळंच. मी शर्यतीत उतरत नाही. सपाटीवर तर वजनाला फारसं महत्त्व उरत नाही, तिथे झुंज हवेशी असते, आणि हवा फ्रेमपेक्षा आपल्या अंगालाच जास्त अडते.

एका तासात जास्तीत जास्त अंतर कापायचा एक विक्रम असतो. बेल्जियमच्या एडी मर्क्सने १९७२ साली मेक्सिको सिटीत स्टीलच्या सायकलवर ४९.४३१ किलोमीटर कापले. १९९६ साली ब्रिटनच्या क्रिस बोर्डमनने दोन्ही हात पुढे ताणून, अंग आडवं करून ५६.३७५ किलोमीटर कापले. पुढे यूसीआयने ठरवलं की हा विक्रम मर्क्सच्या काळच्या धाटणीच्या सायकलवरच धरायचा, आणि २००० साली त्याच बोर्डमनने तशा सायकलवर ४९.४४१ किलोमीटर काढले. फक्त दहा मीटर जास्त! मर्क्सला उंचावरच्या विरळ हवेचा फायदा होता, हेही खरं. ही गोष्ट सांगून मी पूर्वी समोरच्याला गप्प करत असे. आता सांगत नाही, कारण ती उलटीही वाचता येते: बसण्याची ढब आणि सायकलचा आकार बदलला की तासाला सात किलोमीटर हाती लागतात. नव्या सायकली माझ्या सायकलपेक्षा वेगवान आहेत. हे मला मान्य आहे, आणि कृपा करून दर भेटीत ते पुन्हा मान्य करायला लावू नका.

मग राहतो आराम. स्टील हादरे पितं, रस्ता अंगाला लागू देत नाही, असं मी बरीच वर्षं सांगत आले, आणि स्टीलवाले सगळे आजही तेच सांगतात. आता मला ते तितकंसं पटत नाही. दोन त्रिकोणांची फ्रेम उभ्या दिशेने जवळजवळ दबतच नाही. हादरे खातो तो टायर, आणि टायरमधली हवा. माझ्या फ्रेममध्ये २८ मिलिमीटरचा टायर जेमतेम मावतो. नव्या सायकलींत ३२चा सहज बसतो, त्यात हवा कमी ठेवता येते, म्हणजे आरामाच्या हिशेबातही बाजी त्यांचीच. पूर्वीची मी इथे चिडून म्हणते, अगं, सगळ्यांना पटणारी एकुलती एक बाजू तूच सोडून देते आहेस! आणि ती अगदीच चूक नाही. माझ्या सायकलचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, बारीक होत जाणाऱ्या, टोकाला वाकवलेल्या पात्यांचा आहे. खडबडीत रस्त्यावर ती पाती थरथरताना डोळ्यांना दिसतात. तेवढं तिचं मी ऐकते. पण या कारणासाठी मी ही सायकल चालवत नाही.

खरं कारण सांगायचं तर माझ्या कार्बनच्या सायकलबद्दल सांगावं लागेल. ती माझ्याकडे आहे, हे तुमच्यातल्या बहुतेकांना ठाऊक नाही.

तिच्यावर मी मनापासून खूश होते. पेडलवर दाब दिला की ती लगेच पुढे झेपावायची. मग एका ओल्या वळणावर पुढचं चाक सरकलं. वेग अगदी कमी होता, मला नुसतं खरचटलं. पण हँडल गर्रकन फिरलं आणि ब्रेकच्या मुठीचं टोक फ्रेमच्या वरच्या नळीवर आपटलं. नखाएवढा रंगाचा टवका उडाला, एवढंच. नळीला खोच नाही की तडा नाही.

त्या टवक्याखाली काय झालंय, हे मला कोणीच सांगू शकलं नाही. कार्बनची नळी म्हणजे रेझिनने एकमेकांना चिकटवलेले तंतूंचे थर. मार बसला तर आतले थर सुटू शकतात आणि वरून काहीच दिसत नाही. नाण्याने ठोकून बघायचं, धड नळी खणखणीत वाजते, बिघडलेली बद्द वाजते, असं कळलं. मी पूर्ण नळी ठोकत बसले. क्षणात बद्द वाटायची, क्षणात स्वच्छ. मुळात नळीची जाडी सगळीकडे सारखी नसते, त्यामुळे आवाज तसाही बदलतोच. विकणाऱ्यांना फोटो पाठवले. उत्तर आलं की खात्रीने सांगता येणार नाही, फ्रेम बदललेली बरी. एका जाणकाराने बोट फिरवून सांगितलं, रंग उडालाय फक्त, बिनधास्त चालवा. शेवटी अल्ट्रासाउंड तपासणी करून घेतली. अहवालात लिहिलं होतं, तपासलेल्या भागात दोष आढळला नाही. 'तपासलेल्या भागात' हे दोन शब्द मी किती वेळा वाचले असतील!

तरी चालवली. एका लांब उतारावर, वेग साठच्या घरात असताना, दोन्ही पेडलांवर भार देऊन उभी होते. खडबडीत पट्टा आला आणि खालून आवाज आला, टक. मग पुन्हा एकदा, टक. मी सगळ्या ताकदीने ब्रेक दाबले. बरोबरचे सगळे पुढे निघून गेले. मी कडेला उतरले तेव्हा बोटं मुठीवरून सुटत नव्हती. मग तो अख्खा उतार मी चालण्याच्या वेगाने, ब्रेक घट्ट धरून उतरले. वरची नळी आता तुटेल, आता तुटेल, याशिवाय दुसरा विचार डोक्यात नव्हता. ज्या उतारासाठी सकाळभर चढत होतो, तो मला एकदाचा संपावा असं वाटत होतं. खाली मंडळी थांबली होती. एकाने विचारलं, "पंक्चर?" मी हो म्हटलं.

आवाज बॉटम ब्रॅकेटचा, म्हणजे पेडलांचा आस जिथे फिरतो त्या जागेचा निघाला. तिथे आटे नाहीत, बेअरिंगचे कप नुसते दाबून बसवलेले असतात आणि धूळपाणी गेलं की ते बोलू लागतात. साफ केले, ग्रीस लावलं, आवाज गेला. पावसानंतर परत आला. फ्रेम बहुधा ठणठणीत होती. आजही असेल. पण त्या उतारानंतर मी तिच्यावर मोकळेपणाने बसू शकले नाही. विकायची म्हटलं तर टवका दाखवून विकायला हवी. दाखवला की घेणारा मागे सरतो, आणि न दाखवता दुसऱ्याला त्या उतारावर पाठवणं मला जमणार नव्हतं. म्हणून ती अजून माझ्याचकडे आहे.

आता याच्यासमोर स्टीलची सायकल ठेवून बघा. ती याहून जोरात पडली होती. मागचं चाक दगडावर बसलं आणि मागचा एक दांडा आत वाकला. वाकला हे दिसत होतं. मागचं चाक बसतं त्या एका खाचेतून दोरी काढून ती पुढे हेड ट्यूबला, म्हणजे हँडलखालच्या नळीला, वळसा घालून दुसऱ्या खाचेत बांधायची, मग सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोरीचं अंतर मोजायचं. सारखं भरलं की मागचा भाग मधोमध आहे. माझ्या सायकलला चार मिलिमीटरचा फरक होता. दांडा हळूहळू ओढून परत जागेवर आणला, पुन्हा दोरी लावली, दोन्हीकडे सारखं भरलं. जोडांवरचा रंग भिंगाने बघितला, कुठे रेघ नव्हती. दुसऱ्या दिवशी त्याच सायकलवर उतार उतरले आणि एकदाही मनात शंका आली नाही. मी तिच्यावर विश्वास ठेवत होते असं नाही. तिची अवस्था मला माहीत होती, आणि मला एवढंच हवं असतं.

स्टील कार्बनपेक्षा मजबूत आहे असं मी म्हणत नाहीये, हे नीट ऐका. वजनाच्या मानाने कार्बन कितीतरी बळकट असतो आणि पुन्हा पुन्हा पडणारा ताणही उत्तम सोसतो. स्टील घनतेने त्याच्या जवळजवळ पाचपट, म्हणून त्याच्या नळ्या पातळ कराव्या लागतात. माझी फ्रेम रेनॉल्ड्स ५३१च्या नळ्यांची आहे. हे मिश्रधातूचं स्टील १९३५ सालापासूनचं. नळ्या टोकांना जाड आणि मध्ये पातळ, मिलिमीटरहून बऱ्याच कमी. अशा नळीला सहज पोचा पडतो. पण स्टील तुटण्याआधी बहुतेकदा वाकतं, आणि त्याची चीर सहसा जोडापाशी सुरू होऊन सावकाश वाढते. रंगातून गंजाची रेघ बाहेर येते, चाक ब्रेकला घासू लागतं. बघणाऱ्याला ते दिसतं.

सुट्या भागांचंही तसंच. बॉटम ब्रॅकेट आट्यांचा, गिअरच्या तारा उघड्या. नव्या सायकलींत ब्रेकच्या नळ्या हेडसेटमधून, म्हणजे हँडल फिरतं त्या बेअरिंगांमधून, आत जातात, त्यामुळे वरचं बेअरिंग बदलायचं तर कित्येकदा ब्रेकची नळीच सोडवावी लागते. हे कोणाच्या सोयीसाठी केलंय? आणि नाही, मी संग्रहालय चालवत नाही. इटलीतल्या तोस्कानात १९९७ पासून लेरोइका नावाची सायकलस्वारी भरते, तिथे मुख्यतः १९८७च्या आधीच्या सायकली चालतात. माझी तिथे बहुधा बसायची नाही. तिचा मागचा भाग मी १२६ मिलिमीटरवरून १३०वर फाकवून घेतला आहे आणि त्यात नव्या जमान्याचं चाक आहे. स्टील असं फाकवता येतं.

राहिला गंज, आणि इथे मी अडते. सीटपोस्टवाटे, म्हणजे सीटच्या दांडीवाटे, पाणी आत जातं आणि तळाशी बॉटम ब्रॅकेटपाशी साचतं. मी वेळोवेळी सीटपोस्ट काढते, सायकल उलटी करते, टॉर्चने बघते, आत तेल फवारते. पण खालच्या तिरक्या नळीचा मधला भाग मला दिसत नाही. फोर्कचा वरचा जोड आतून दिसत नाही, आणि तो तुटला तर वाकून इशारा देईलच असं नाही. मग तिची अवस्था मला माहीत आहे असं मी कुठवर म्हणू शकते? कार्बनवाला म्हणतो, माझंही सहसा काही होत नाही. त्याच्या बेफिकिरीत आणि माझ्या खात्रीत अंतर आहे, हे मला उतारावर हातांत जाणवतं. कागदावर मांडायला गेले की ते अंतर कमी होत जातं. फोर्कचा रंग काढून तो जोड एकदा तपासून घ्यायचं ठरवलं आहे. अजून झालेलं नाही, आणि तोवर मी सायकल चालवतेच आहे.