आईला तळघरात सापडलेलं गिफ्ट

रविवार, रात्र

आज आई तळघरातून वर आली आणि दारातूनच म्हणाली, "अगं, खाली कुणीतरी गिफ्ट ठेवून गेलंय. कोपऱ्यात, काळ्या डब्यात. मी नाही हो हात लावला, दुसऱ्याच्या वस्तूला आपण कशाला हात लावा."

माझ्या पोटात गोळा आला. कैरीचं लोणचं गारव्याला टिकतं म्हणून तिनं आमच्या इमारतीच्या तळघरात ठेवलंय, ते काढायला गेली होती. तिथं भिंतीलगत उंदरांसाठीचा डबा आहे, आणि वर पिवळ्या कागदावर जर्मनमध्ये ठसठशीत ‘फोरझिश्ट, गिफ्ट!’ म्हणजे ‘सावधान, विष!’ पहिला शब्द तिला लागला नाही, दुसरा ओळखीचा निघाला. खाली कवटीचं चित्रही आहे, पण चष्मा वर टेबलावर राहिला होता.

जर्मनच्या वर्गात अशा शब्दांना ‘खोटे मित्र’ म्हणतात आणि हसून पुढे जातात. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. इंग्रजी गिफ्ट आणि जर्मन गिफ्ट ही सख्खी भावंडं आहेत, दोघांच्या मुळाशी ‘देणे’ हेच क्रियापद. जुन्या जर्मनमध्येही ‘गिफ्ट’ म्हणजे दिलेली वस्तूच होती. तो अर्थ आता उरलाय तो ‘मिटगिफ्ट’मध्ये. ‘सोबत दिलेलं’, म्हणजे हुंडा.

"हुंडा आणि विष एकाच शब्दात?" आई म्हणाली. "बरोब्बर आहे."

मग हे बिघडलं कुठं? ग्रीक वैद्य औषधाच्या मात्रेला ‘दोसिस’ म्हणत, शब्दशः ‘देणं’. आपण ज्याला डोस म्हणतो तोच हा. लॅटिनमधून तो जर्मनीत आला तेव्हा त्याचं सरळ भाषांतर झालं: गिफ्ट. आणि विषाचं नाव तोंडाने घ्यायला नको, म्हणून त्या सोज्वळ शब्दाआड विष दडलं. मी हे मोठ्या थाटात समजावत होते, तर आई लसूण सोलता सोलता म्हणाली, "त्यात काय एवढं? आपल्याकडे नाही म्हणत, ‘त्याला कुणीतरी काहीतरी दिलं’? विष दिलं असं तोंडाने कोण म्हणतं!"

मी गप्प. शब्दकोश चाळून मला जे कळलं ते तिला गावच्या ओट्यावर बसून केव्हाच ठाऊक होतं.

स्वीडिश तर याच्याही पुढे. तिथं ‘गिफ्ट’ म्हणजे विष आणि ‘गिफ्ट’ म्हणजेच विवाहित. अविवाहित तो ‘ओगिफ्ट’. डॅनिश आणि नॉर्वेजियनमध्येही हे दोन्ही अर्थ नांदतात, आणि त्यावरचे विनोद नवरे मंडळी किती वर्षं सांगत असतील देव जाणे. पण विवाहित कसं? आईला विचारलं. "मुलगी कुठं दिली, असं विचारतो ना आपण?" झालं. जुन्या इंग्रजीतही हा शब्द बायकोसाठी मोजलेल्या किमतीला वापरत आणि त्याचं अनेकवचन म्हणजे लग्न. डच लोकांनी तेवढी वाटणी करून घेतली: देणगी ती ‘गिफ्ट’, विष ते ‘गिफ’. एका ‘ट’वर भागलं.

भेटवस्तूला जर्मन ‘गेशेंक’ म्हणतात, आणि मला खरी गंमत इथं वाटते. ‘शेंकन’चा मूळ अर्थ ओतणे, पेला भरून देणे. म्हणजे पाजणं ही इथं भेट झाली. तिकडे लॅटिनमध्ये ‘पोतिओ’ म्हणजे पेय, त्याचं फ्रेंचांनी ‘प्वाझों’ केलं आणि इंग्रजांनी पॉयझन. तिथं पाजणं हेच विष झालं. त्या ‘पोतिओ’त आपला ‘पा’ धातू आहे, पान आणि पाजणे यांतला. ‘दोसिस’मध्ये आपला ‘दा’ आहे, दान आणि देणे यांतला. कन्यादान आणि कडू डोस एकाच घरचे निघाले. शिवाय लॅटिन ‘विरुस’ म्हणजे विषच, आणि ते आपल्या ‘विष’ शब्दाचं नात्यातलं.

पॅरासेल्सस नावाच्या वैद्याने 1538 मध्ये लिहिलं की सगळ्याच वस्तू विष आहेत, केवळ मात्रा ठरवते की ते विष नाही. मूळ जर्मन वाक्यात ‘गिफ्ट’ आणि ‘दोसिस’ शेजारी शेजारी बसलेत. एकाच देण्याची दोन रूपं.

आपण तरी कुठं वेगळे? प्रसाद पाठीवरही मिळतो. घरचा आहेर मिळाला की माणूस आठवडाभर तोंड लपवतो.

जेवताना आईचा घास मध्येच थांबला. "अगं, परवा खालच्या मजल्यावरच्या आजींना लोणच्याची बरणी दिली ना... त्या घरी नव्हत्या, म्हणून दारात ठेवली. कुणाची ते कळावं म्हणून वर चिठ्ठी चिकटवली होती मी."

"काय लिहिलंस?"

"काय लिहिणार? मला जर्मन कुठं येतं."

बरणी अजून परत आलेली नाही.