शुगरची गोळी आणि आईचा थायरॉईड रिपोर्ट

आईचा थायरॉईड कमी पडायला लागून बारा वर्षं झाली. पहाटे अनशापोटी थायरॉईडची ७५ ची गोळी, मग अर्ध्या तासानं चहा, हा नेम कधी मोडला नाही आणि टीएसएच (थायरॉईडला काम कर म्हणून मेंदूकडनं येणारा संदेश, गोळी जास्त झाली की हा आकडा उतरतो) कायम अडीच-तीनच्या आसपास. गेल्या दिवाळीनंतर शुगर निघाली, मेटफॉर्मिन चालू झालं, ५०० ची दोनदा. चार महिन्यांनी रुटीन रिपोर्ट काढला तर टीएसएच ०.१८, शेजारी खाली जाणारा बाण. लगेच सांगितलं गेलं की डोस जास्त होतोय, ५० ची घ्या. फ्री टी-४, म्हणजे रक्तातलं प्रत्यक्ष थायरॉईडचं हार्मोन, कुणी बघितलाच नाही आणि मलाही विचारायचं सुचलं नाही, याचं अजून वाईट वाटतं.

दोन महिन्यांत आई पार गळाली. रोज सकाळी रंकाळ्याला चालायला जाणारी बाई, सोफ्यावरनं उठेना, पाय सुजलेले, "अंगात जीवच नाही बघ" म्हणायची. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी फाईल चाळली आणि पहिलाच प्रश्न, "मावशी, शुगरची गोळी कधी चालू झाली?" नवीन रिपोर्टमध्ये टीएसएच अगदी नॉर्मल आणि फ्री टी-४ मात्र कमी!

त्यांनी समजावलं ते असं, की थायरॉईडच्या काही पेशंटमध्ये मेटफॉर्मिननं टीएसएचचा आकडा खाली येतो पण टी-३, टी-४ ही थायरॉईडची हार्मोन्स जिथल्या तिथं राहतात, म्हणजे गोळी जास्त झालेली नसतेच. २००६ पासनं हे डॉक्टरांच्या वाचनात आहे. ज्यांचा थायरॉईड मुळात ठीक आहे त्यांच्यात सहसा असं होत नाही. पण म्हणून कमी टीएसएच सोडूनही द्यायचा नाही हं, डोस खरंच जास्त असेल तर धडधड होते, हाडं ठिसूळ होतात, म्हणूनच सोबत फ्री टी-४ बघायचा.

अजून एक, हातापायाला मुंग्या येतात म्हणून किंवा केसांसाठी बायोटिनची (एक जीवनसत्त्व) गोळी घेत असाल तर तीही लॅबला सांगा, तिच्यानं काही मशीनवर टीएसएच खोटाच कमी दिसतो.

आईची ७५ ची परत चालू झालीय. फाईलच्या पहिल्याच पानावर मी लाल पेननं मेटफॉर्मिन चालू केल्याची तारीख लिहून ठेवलीय. पुढच्या वेळी टीएसएच, फ्री टी-४ आणि बी-१२ तिन्ही काढायचे, कारण मेटफॉर्मिननं बी-१२ पण उतरतं.