‘कशी मिळाली?’ हा रकाना

आजोबांच्या ट्रंकेत, त्यांच्या स्वतःच्या पदकांखाली, रुमालात गुंडाळलेला एक आयर्न क्रॉस, म्हणजे जर्मन लष्करी पदक, होता. आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. एप्रिल 1945 मध्ये इटलीत सेनिओ नदीच्या लढाईत लढले. ते गेल्यावर तो क्रॉस घरात ठेवावासा वाटेना.

आधी मनात होतं, ज्याचा त्याच्या घरी पोचवावा. पुढच्या बाजूला नाझी स्वस्तिक आणि 1939, मागे 1813. मला वाटलं, 1813 हा सैनिकाचा क्रमांक असेल. पण त्या साली प्रशियाच्या राजानं हा सन्मान सुरू केला होता, आणि 1939 मध्ये हिटलरनं तो पुन्हा चालू केला. फितीच्या कडीवर भिंगातून एक बारीक आकडा दिसला, तोही बनवणाऱ्याचा निघाला. नाव कुठंच नाही. ते असतं सैनिकाच्या पगारपुस्तकात आणि सन्मानपत्रात, आणि आमच्याकडे दोन्ही नव्हती.

मग एका लष्करी संग्रहालयाला पत्र लिहिलं. क्रॉस घासूनपुसून चकचकीत केला नव्हता, याचं तिथल्या मॅडमना फार बरं वाटलं. पण असे क्रॉस लाखोंनी दिले गेलेत. त्यांना हवी होती त्यामागची हकीकत.

दानपत्रासोबत एक फॉर्म होता. त्यात रकाना : ‘वस्तू कशी मिळाली?’ मी लिहिलं, ‘युद्धभूमीवर सापडली.’ बाबांनी वाचलं आणि बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “सापडली नाही रे. एका कैद्याच्या छातीवरून काढून घेतली होती. अण्णांनी मला एकदाच सांगितलं होतं.”

युद्धकैद्याची पदकं काढून घ्यायची नाहीत, हे 1929 च्या जिनिव्हा करारातच लिहिलेलं आहे. ते वाचून माझा हात थबकला. मॅडमना विचारलं, तर म्हणाल्या, “जे ठाऊक आहे तेच लिहा.” मी ‘सापडली’ खोडून ‘काढून घेतली’ लिहिलं.

सगळ्या वारसांची संमती लागत होती. बाबांनी लगेच सही केली. आत्याला मात्र तो शब्द बोचला. दोन दिवस कागद तिच्याकडेच होता. तिसऱ्या दिवशी परत आला, सहीखाली तिच्या अक्षरात एक ओळ होती : ‘वडिलांनी हा क्रॉस कधी कुणाला मिरवून दाखवला नाही.’